आमच्या सावडीचा विमा

किस्से कुणी पेरत नाही, तरी ते हराळीसारखे उगवतात. एक उपटायला जावं तर मुळाशी आणखी दोन! परवा नातू पीक विम्याचा फॉर्म भरत बसला होता. म्हणाला, "आजोबा, निजामाच्या राज्यात तुमच्या पिकाचा विमा कोण उतरवायचं?"

म्हटलं, "अरे, आमची सावड होती ना!"

सावड म्हणजे बैल आणि माणसं एकत्र करून सगळ्यांची शेतं पाळीपाळीनं पेरायची. औशाजवळच्या आमच्या गावात आमची चार घरांची सावड होती. बसप्पा अप्पा, चांदभाई, विधवा काशाक्का आणि आम्ही. अप्पांचं किराणा दुकानही होतं, त्यामुळे नियम सांगायचा मक्ता त्यांच्याकडे.

*

चांदभाई ज्वारीतच हरभऱ्याचे, जवसाचे तास, म्हणजे मधल्या ओळी, टाकायचे आणि कडेनं करडई लावायचे. अप्पांना ते बघवत नसे.

"चांदभाई, शेत हाय का आठवडी बाजार?"

चांदभाई हसून म्हणाले, "अप्पा, मला चार लेकरं हायेत. कदी चारीच्या चारी एकदम रुसलेत का? एक रुसलं तर दुसरं खाऊ घालतंय!"

पुढच्या पेरणीला अप्पांच्या शेतातही जवसाचे तास दिसले.  चांदभाई मिशीत हसत होते.

*

एका साली ज्वारी निम्मी वाळली. पीक बुडालं की सारा माफ व्हायचा, पण महसुलातल्या गिरदावर साहेबांनी डोळ्यांनी बघून तसं लिहायला हवं. साहेब घोड्यावरून आले. अप्पांनी त्यांना शोधून शोधून वाळलेली रानं दाखवली. साहेबांचा चेहरा पडला, आमचं काम झालंच होतं.

पण पाहुणा शेतावर आलेला, त्याला तसाच कसा जाऊ द्यायचा? अप्पांनी नाल्याकाठची हिरवी कणसं आणून आगटी पेटवली. हुरडा, तिळाची चटणी, वर दही! साहेबांनी पोटभर खाल्लं, ढेकर दिला आणि घोड्यावर बसता बसता म्हणाले, "बसप्पा, हुरडा इतना मीठा, और माफी किस बात की?"

माफी गेली. महिनाभर आम्ही अप्पांना छळलं. अप्पा एवढंच म्हणायचे, "मंग काय उपाशी धाडायचं व्हतं?"

*

त्यानंतरच्या पेरणीच्या तोंडावर काशाक्काच्या एकुलत्या बैलाला पान लागलं, म्हणजे साप डसला. बैल गेला. तिचा दीर टपलेलाच होता. "वैनी, शेत मला बटईनं द्या." बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला, गेलेलं शेत पुन्हा बाईच्या हाती आलेलं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं आणि आम्हालाही. 

सावडीच्या बैठकीत अप्पांनी नियम सांगितला. "बैल न्हाई तर सावड न्हाई." काशाक्का पदर सावरून उठली आणि घरी गेली. त्या दिवशी मला अप्पांचा मनस्वी राग आला.

सकाळी बघतो तर अप्पांची पेरणीची तिफण काशाक्काच्या शेतात! तेही सगळ्यात आधी, जमिनीत भरपूर ओल असताना. चांदभाईंनी विचारलं, "अप्पा, आन् नियम?"

अप्पा वैतागून म्हणाले, "मी कुठं आलो? बैल इकडं वळले. आता जनावराशी भांडत बसू का?"

*

त्याच साली ज्वारी काढणीला आली आणि गारा पडल्या. गावात गारपगारी होता. मंत्र म्हणून गारा अडवायच्या हे त्याचं काम, आणि त्याबद्दल सुगीला त्याला धान्य मिळायचं. गारांनी नाल्याच्या अलीकडची रानं झोडपून काढली, त्याच्या स्वतःच्या घरावरचं कौलही शाबूत राहिलं नाही. तरी हा सूप घेऊन दारात हजर!

चांदभाई चिडले. "अरे, गारा पडल्या की!"

"पडल्या ना," तो शांतपणे म्हणाला. "मी नसतो तर नारळाएवढ्या पडल्या असत्या!"

चांदभाईंनी कपाळावर हात मारला आणि जे होतं त्यातलं थोडं त्याच्या सुपात टाकलं.

*

त्या गारांत अप्पांचं सगळं रान झोपलं. पुढच्या पेरणीला बियाणंसुद्धा उरलं नाही. काशाक्काचं शेत नाल्यापलीकडं होतं, तिथं एक गारही पडली नव्हती. पण अप्पा मानी माणूस. कुणी काही देऊ केलं तर "नगं" म्हणून आत निघून जायचे.

एके सकाळी काशाक्का डोक्यावर ज्वारीच्या बियाण्याची पाटी घेऊन त्यांच्या गोठ्यात आली. आम्ही तिथंच होतो. अप्पांनी मान फिरवली. "अक्का, मी काई मागितलं न्हाई."

"तुम्हाला कोन द्यायलंय?" काशाक्कानं पाटी बैलांपुढं टेकवली. "ह्यांची मजुरी हाय. माज्या शेतात हेच आले व्हते ना? तुम्हाला द्यायचं का न्हाई ते त्यांना इचारा."

 अप्पांनी बैलांकडं पाहिलं. बैल रवंथ करत होते.

मग अप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि पाटी उचलली.

"हाव म्हनायलेत," ते म्हणाले.