ज्या चेहऱ्यावरून मोठेबाबांना शोधलं

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, नौदलात होते. लढाईत त्यांचं जहाज बुडालं आणि ते परत आले नाहीत. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. बाभुळगावच्या घरातल्या फोटोमुळेच मी त्यांना ओळखते: पांढरी टोपी, पांढरा गणवेश, सरळ नाक आणि थोडे पुढे आलेले कान.

यंदा हिवाळ्यात निवृत्त नौसैनिकांच्या एका मंडळाकडून फोन आला. त्या जहाजावरच्या सगळ्यांच्या आठवणीची भिंत बांधायची होती, प्रत्येकाचं नाव आणि वर चेहरा. जहाजावर काढलेला एक मोठा समूहफोटो त्यांच्याकडे होता. नौदलाच्या दफ्तरातल्या मोठेबाबांच्या फोटोवर मात्र शिक्का बसून चेहरा गेला होता. "घरचा फोटो पाठवा ताई, त्यावरून समूहात त्यांना शोधू," तिकडचे गृहस्थ म्हणाले. मी यवतमाळहून बाभुळगावला गेले, काच पुसली, मोबाइलवर फोटो काढला आणि पाठवून दिला. माझ्या हिशेबी काम संपलं.

काही दिवसांनी उत्तर आलं: असा माणूस आमच्या फोटोत नाही.

मी समूहफोटो मागवला, मोठा छापून आणला, भिंग घेऊन ओळीओळीनं बसले. नाक जुळलं तर कान जुळेना. कान जुळले तर हनुवटी भलतीच. चिडून फोन लावला आणि तुमचा फोटोच दुसऱ्या जहाजाचा असेल, असं सुनावलं. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बऱ्याच घरांनी आपापली माणसं यातच ओळखलीत, ताई."

शेवटी छापलेला फोटो घेऊन पुन्हा बाभुळगाव गाठलं. वडील तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"काय शोधून राह्यली वं इतकं?"

"मोठेबाबांना. कान जुळत नाहीत."

"कसे जुळतीन? थे कान माहे आहेत."

मला आधी ती थट्टाच वाटली. मग त्यांनी शेंगा सोलता सोलताच सांगितलं. तार आल्यावर आजीला पूजेला फोटो हवा होता. घरात होता तो लग्नातला, त्यात मुंडावळ्यांआड चेहराच दिसत नव्हता. यवतमाळच्या स्टुडिओवाल्यानं विचारलं, धाकटा भाऊ तसाच दिसतो का? मग वडिलांना खुर्चीवर बसवलं, चेहरा त्यांचा घेतला आणि टोपी, गणवेश रंगानं काढला. तेव्हा बरीच घरं असं करून घेत. दर पितृपक्षात वडील स्वतःच्याच फोटोला हार घालत आले होते.

"अहो बाबा, हे आधी सांगायचं ना."

"तू इचारलं कुठी? आली, फोटो काढला, गेली."

आता मोठेबाबांना ओळखू शकतील अशी दोनच माणसं उरली होती. वडिलांनी भिंग घेतलं, तिसऱ्या ओळीत बोट ठेवलं, मग उचलून दुसऱ्या टोकाला ठेवलं. "हा असन. नाही तं हा."

"असन चालत नाही. दगडावर बसवणार आहेत."

मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी फोटो तिच्यासमोर धरला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"लग्न झालं अन् सुट्टी सरली," ती म्हणाली. "घरात सासू-सासरे, पदर नाकापर्यंत. पाह्यलं होतं मी त्याइले, नाही असं नाही. पण आता डोये मिटले का तुह्या बापाचंच तोंड येते."

वडिलांनी भिंग खाली ठेवलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, मीठ संपलं असं सांगावं तसं ती बोलली. मला मात्र सगळ्यांचाच राग आला होता, आजीचा, स्टुडिओवाल्याचा, आणि चेहरा न ठेवता गेलेल्या मोठेबाबांचाही.

"बाबांनी दाखवलेल्यांतला एक कळवू का?" मी विचारलं. "नाही तर जागा रिकामी राहील."

"राहू दे. दुसरीचा नवरा माहा म्हणून नोको लावू."

मी तिथूनच फोन करून तसं सांगितलं. नाव राहील, वर काही नसेल. ते गृहस्थ "बरं" म्हणाले. ते सहज आलेलं 'बरं' मला अजून सलतं.

मोठ्या आईनं वडिलांकडे पाहिलं. "भाऊजी, थो फोटो उतरवा आता. तुम्ही जित्ते आहा. हा लावा. यात थे आहेत, एवढं तं खरं."

मग छापलेला फोटो तिनं माझ्या हातात परत दिला. जुळत नाही असं ठरवलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर मी पेन्सिलनं फुली मारली होती.

"ह्या पुस आधी," ती म्हणाली. "कोनाची तरी मानसं आहेत."

मी खोडरबर घेऊन बसले. बऱ्याच फुल्या गेल्या. काही मी रागात इतक्या दाबून मारल्या होत्या की त्यांचे वळ राहिले.