फटींसकट पाण्यात

कचेरीमागची पत्र्याची शेड पाडायचं ठरलं, तेव्हा आतल्या होडीचं काय करायचं हा प्रश्न निघाला. सागवानी शिडाची होडी. लांबी अठरा फूट, रुंदी सहा, पुढे दोन माणसं आडवी होतील एवढं लाकडी छप्पर. इंग्रज साहेब देश सोडून गेल्यापासून ती पाण्यात उतरलीच नव्हती. मी मुळशीच्या धरणावर भांडारपाल होतो आणि मला ती हवी होती. लग्नाआधी काही वर्षं मी मुरुडला नोकरीत असताना शीड कसं धरायचं एवढं शिकलो होतो. होडी बांधताना मात्र कधी पाहिली नव्हती.

जवळच्या वाडीतल्या एका वयस्क शेतकऱ्यालाही ती हवी होती. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांना गोठ्यासाठी फळ्या पाहिजे होत्या. मोठ्या साहेबांनी निकाल दिला : होडी काठावर नेऊन ठेवा, पावसाळ्यात पाणी चढून तिथवर आलं की तरंगली तर भांडारपालाची, बुडाली तर आबांची.

आबांनी स्वतःचे बैल जुंपून ती ओढून नेली. "माझंच लाकूड हाय. मीच नेतो," म्हणाले.

बैलांमागून त्यांचा पिवळा कुत्रा आला, होडीच्या सावलीत बसला, तो परत गेलाच नाही. माझाही मुक्काम तिथेच होता. आमच्या खोलीची कौलं उतरवलेली होती आणि बायको मुलांना घेऊन वाईला माहेरी गेली होती. मी ट्रंक, स्टोव्ह आणि कंदील होडीत नेले. रोज कचेरी सुटली की अंधार पडेपर्यंत काम, मग पिठलंभात. त्यातला निम्मा भात कुत्र्याचा.

"कुत्रं तर फितूर झालंच," आबा म्हणायचे, "लाकडं तरी इमानी निघू देत."

होडीच्या प्रत्येक बाजूला बारा फळ्या होत्या आणि दर दोन फळ्यांमध्ये फट. कुठे एक सूत, कुठे दोन. आठ सुतांचा इंच, तेव्हा काही ठिकाणी बाहेरचा उजेड सरळ आत यायचा. मी माझ्या घरच्या पद्धतीने काम केलं. दाराला फट पडली की आम्ही लाकडाची चीप ठोकतो आणि वरून खडू-तेलाची लांबी भरतो. तसंच केलं. सागाच्या चिपा तासल्या, हातोडीने गच्च बसवल्या, लांबी फासली. बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता.

आबांनी वाकून पाहिलं. "आता मुंगीबी शिरायची न्हाई," म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला.

मी खूश होतो. तीन-चार दिवसांनी पाण्यापाशी बादली भरायला गेलो तर आबा गाडीची चाकं पाण्यात लोटत होते.

"हे कशाला?"

"लोखंडी धावा ढिल्या झाल्यात. लाकूड फुगलं की बसत्याल गच्च. तुमच्या गावात गाड्या न्हाईत व्हय?"

होत्या की. माझे वडीलही उन्हाळ्यात चाकं ओढ्यात टाकायचे. मी बादली तिथेच ठेवली. होडीच्या तळातली एक सुटी फळी काढली, पट्टीने रुंदी मोजली आणि ती दगड ठेवून पाण्यात बुडवली. पुढच्या रविवारी पुन्हा मोजली. अर्धं सूत वाढली होती. बारा फळ्यांचं सहा सूत म्हणजे पाऊण इंच. फटी मी गच्च भरून टाकल्या होत्या. हा पाऊण इंच जाणार कुठे? फासळ्या मोडून, खिळे उपटून बाहेर पडणार. माझ्या हाताने मी होडी आबांच्या गोठ्यात पाठवत होतो.

त्याच दुपारी पटाशी घेऊन चिपा उपसायला लागलो. आबा धावत आले.

"भाऊसाहेब, ऊन लागलं का काय? भरलेलं उकरताय?"

"फटी हव्यात, आबा."

"होडीला?" ते मागे वळून वाडीच्या दिशेनं ओरडले, "आरं, या रं हितं! भाऊसाहेब भोकाची होडी करत्यात!"

लोक आले, हसले, गेले. मी तेलात भिजवलेल्या कापसाच्या वाती फटींत सैलच बसवल्या. आत ओली पोती अंथरली आणि सकाळ-संध्याकाळ होडीला पाणी पाजत राहिलो. कुत्र्याला ओल आवडेना. तो छपरावर झोपू लागला. मीही त्याच्याशेजारी.

बायको परत आली तेव्हा पाऊस लागला होता. तिने तंबूच्या कापडाचं शीड दुहेरी शिवण घालून शिवलं. "अहो, बुडालात तरी शीड फाटायचं नाही," एवढंच बोलली.

पाणी होडीला टेकलं त्या सकाळी आबा कुऱ्हाड आणि दोर घेऊन हजर होते. पाणी आत शिरलं. टाचा बुडाल्या, मग घोटे. मी बादलीनं उपसत होतो.

"सोडा की आता," आबा म्हणाले. "मानूस दमतं, पानी न्हाई दमत."

दुपारी पट्टी उभी धरली : सहा इंच. संध्याकाळी, उपसणं कमी करूनही, चार. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन आणि मग पट्टीचं टोक नुसतं ओलं. फळ्या फुगून वातींवर गच्च आवळल्या होत्या. होडी डुलली, चिखलातून सुटली आणि तरंगली. मी मोठ्याने ओरडलो. चाळिशी उलटल्यावर मी असा ओरडल्याचं मला दुसरं आठवत नाही.

आबांनी हातातला दोर खाली टाकला. मग कुऱ्हाड जमिनीत रोवून म्हणाले, "पल्याड लेकीचं गाव हाय. पावसाळ्यात चालत वळसा घालून दिवस जातो. नेताय?"

पावसाने उघडीप दिली तशी नेलं. पश्चिमेचा वारा शिडात भरला, होडी एका अंगावर कलली आणि पाणी कापत निघाली. आबांनी काठ दोन्ही हातांनी धरला होता. कुत्रा त्यांच्याकडे पाठ करून माझ्या पायाशी बसला. पलीकडच्या काठावर माणसं गोळा झाली, तेव्हा आबांनी एक हात सोडून आरोळी ठोकली, "आमची होडी हाय! आमची!"

मी दोर बांधता बांधताच सगळ्यांदेखत सांगितलं, "आबा, होडी माझी आहे. तुम्ही नुसते बसलात."

"बरं बाबा, तुमची," आबा चिखलात उतरत म्हणाले. "न्यायला येताय न्हवं परवा?"