माझ्या हातांनी वाजवलेली टाळी

कर्नाटकात, बीदरकडच्या हुलसूरला माझं पाण्याच्या मोटारी-पाइपांचं दुकान आहे. मागच्या निवडणुकीत या दुकानाचं शटर माझ्यापेक्षा माझ्या पुतण्यानंच जास्त वेळा उघडलं. मी आमच्या तरुण नेत्याबरोबर गावोगाव फिरत होतो. तो सभेत कन्नडात सुरुवात करायचा आणि मध्येच मराठीत यायचा. मला सगळ्यांदेखत 'अण्णा' म्हणायचा. तो निवडून आला तेव्हा मी घरी पेढे घेऊन गेलो आणि थोरल्या बहिणीला म्हणालो, "अक्का, आता त्या म्हाताऱ्याचं राज्य संपलं बघ."

तो म्हातारा म्हणजे आमच्या भागाचा जुना मंत्री. तो मंत्री होता तेव्हा अक्का मराठी शाळेत शिक्षिका होती. शाळेला दोन वर्षं दुसरा मास्तर मिळाला नव्हता. गावकऱ्यांबरोबर तीही अर्ज घेऊन बीदरला गेली. विश्रामगृहाबाहेर दुपारभर उभं राहिल्यावर मंत्री गाडीत बसता बसता म्हणाला, "मराठी पाहिजे तर पलीकडं जावा की. कोण अडवलंय?" भोवतालचे हसले. पुढं मराठीचे वर्ग बंदच पडले. अक्काची कन्नड शाळेत बदली झाली. कन्नड तिला चांगली येते, ती तिथं मन लावून शिकवत राहिली. पण त्या माणसाचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. निवडणुकीनंतर तो वारला, तेव्हाही नाही.

यंदा तालुक्याला आमच्या नेत्याची सभा ठरली. अक्का कधी सभेला जात नाही. मीच मागं लागलो. "एकदा ऐक तर खरं. हा तसला न्हाई." ती नवी साडी नेसून आली. मी तिला बायकांत पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी कडेला उभा राहिलो.

मंचावर त्या मंत्र्याचा मुलगा दिसला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तो त्याच दिवशी आमच्या पक्षात आला होता. आमचा नेता उठला आणि मराठीत, स्वच्छ मराठीत म्हणाला, "यांचे वडील, आपले साहेब, म्हणजे या सीमाभागाचे बाप होते. मराठी माणसावर त्यांच्याएवढी माया कुणी केली न्हाई. त्यांच्या पायाशी बसून मी राजकारण शिकलो."

मंडप टाळ्यांनी भरून गेला. माझ्या आजूबाजूचे कार्यकर्ते वाजवत होते, आणि मीही टाळी वाजवली. अक्का मंचाकडे बघत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती.

परत येताना ती एवढंच म्हणाली, "ऊन लई हाय. गाडी हळू चालव."

दुसऱ्या दिवशी मी नेत्याच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत पुन्हा पुन्हा घोकलं होतं. त्यानं खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, त्यांच्या लेकाला घेतल्याबिगर जागा निघत न्हाई. तुमचं तसं न्हाई, तुम्ही आपलेच. तुम्ही कुठं जायलाव?" सगळे हसले. तसंच हसू, विश्रामगृहाबाहेरचं. मी ते ऐकलं नव्हतं, पण अक्कानं सांगितलेलं होतं. आणि मीही हसलो. चहा पिऊन आलो.

संध्याकाळी अक्काकडे गेलो आणि नेत्याला खूप शिव्या घातल्या. फसवलं, विकला गेला, असलं बरंच बोललो. ती तूर पाखडत होती. माझं संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"त्याचं सोड रे. त्याला मतं पाहिजेत, तो बोलणारच. तू टाळी कामून वाजवलास?"

मी सुपातली तूर चिवडत राहिलो. तिनं जेवायला वाढलं, मी जेवलो.

आता मी प्रचाराला जात नाही. गिऱ्हाइकं विचारतात, "काय अण्णा, गप्प कामून?" मी पाइप मोजत राहतो. नेत्याचा फोटो मी दुकानाच्या भिंतीवरून काढला, पण काढताना रस्त्यावरच्या कुणी बघू नये म्हणून शटर ओढून घेतल्यावर.