घुबडाला मारायचा दगड

परळीच्या नव्या प्लॉटिंगमध्ये मी अंगदच्या घरी भाड्यानं राहतो. शाळेत विज्ञान शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायची लाज वाटेल.

अंगदची आई बायनाबाई. तिचा उभा जन्म धारूरच्या डोंगरात मेंढरांमागं गेला. लेकानं बंगला बांधला, मेंढरं विकली आणि म्हातारीला परसातल्या पत्र्याच्या खोलीत टाकलं. पाहुण्यांना म्हणे तिच्या अंगाचा वास येतो. मला त्या बंगल्यातल्या फिनेलच्या वासानं मळमळतं.

दिवाळीनंतर परसातल्या कडुलिंबावर एक घुबड येऊ लागलं. दिवसभर डोळे मिटून खोडाला चिकटून बसायचं. बायनाबाई खाली बाज ओढून त्याच्याकडं बघत राहायची. सून कुरकुरू नये म्हणून त्याची घाणही तीच झाडायची. "मास्तर, मला हितं बोलाय कोणी न्हाई. ते तरी हाय," म्हणायची.

मग नात संस्कृतीला बघायला पाहुणे यायचं ठरलं. परसात घुबड दिसलं तर सोयरीक मोडेल, असं सून योगितानं घोषित केलं. हाकलायचं ठरलं, पण दगड मारणार कोण? घुबड आपल्याला मारलेला दगड उचलून पाण्यावर नेतं, घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हे इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी अंगदनं दगड माझ्यापुढं धरला. "सर, तुमी असलं मानत न्हाई. तुमीच मारा."

"मला शाळेला उशीर होतोय," मी म्हणालो. हात आधीच मागं गेला होता.

त्यानं तो दगड आईच्या हातात ठेवला. "आई, तूच मार. तुजं काय, झालंच हाय आता सगळं."

बायनाबाईनं लेकाकडं बघितलं, मग लिंबाकडं. मेंढरं वळवून वळवून नेम पक्का झालेला हात तो, पण दगड तिनं मुद्दाम बुंध्यावर मारला. घुबड भर उजेडात धडपडत उडालं आणि कावळे त्याच्या मागं लागले.

"आता आंघोळ केल्याबिगर कुणाला शिवू नको," अंगद म्हणाला.

मला त्याची शिसारी आली. माझी तर त्याहून जास्त. तिच्या हातून दगड काढून घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं.

बादली भरता भरता बायनाबाई म्हणाली, "जावा मास्तर. उशीर व्हईल तुमाला."

मी गेलो. शाळेचं फाटक अजून उघडलंही नव्हतं.