आई यात बसत नाही

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांचा टॅक्स एकाच डायनिंग टेबलावर भरला जायचा. ते टेबल एका काकांचं. मुंबईत आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासून काका-काकू मुलाकडे कायमचे राहायला आले होते. मार्च उजाडला की आम्ही एकेक जण प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंबून शनिवारी त्यांच्याकडे हजर. काका पैसे घेत नसत आणि काकू पोहे खाल्ल्याशिवाय उठू देत नसत.

२००७ च्या मार्चमध्ये मी एकटीच गेले. जानेवारीत माझी आई गेली होती. मी नाशिकला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी कॅरीला परतल्यावर काका-काकू भेटून गेले होते, त्यामुळे त्या दिवशी कुणी तो विषय काढला नाही. मलाही तेच हवं होतं.

पिशवीत यंदा एक नवा कागद होता. आदल्या वर्षी ऑफिसने आम्हाला हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट उघडून दिलं होतं. पगारातले पैसे टॅक्स न कापता त्यात जमा व्हायचे. ते औषधपाण्यालाच वापरायचे, एवढीच अट. खर्चायला एक निळं कार्ड मिळालं. समजावून सांगणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, तुमच्यासाठी आणि तुमच्या फॅमिलीसाठी. पुढचं बारीक अक्षरातलं मी वाचलं नाही. फॅमिली म्हणजे काय ते मला कोण शिकवणार?

काकांनी कागद पाहिला. "एवढे पैसे कशाला काढलेस? कोण आजारी होतं?"

"आई."

काकांनी पेन खाली ठेवलं. "आई यात बसत नाही गं. नवरा, मुलं, झालंच तर इथे टॅक्समध्ये डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून, असं दाखवता येईल ते माणूस. व्हिजिटर व्हिसावर आलेली आई नाही."

मला संताप आला, आणि आला तो बिचाऱ्या काकांचाच.

आई आदल्या जूनमध्ये आली होती. आमचं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर, आणि प्रत्येक जिन्याला तिला धाप लागायची. तिच्यासाठी काढलेल्या इन्शुरन्सने जुनं दुखणं म्हणून हात वर केले. आई म्हणायची, "अगं, वय झालं माझं. माझ्यापायी डॉलर घालवू नकोस." मग मी सरळ थाप मारली, की इथे ऑफिसच सगळं भरतं, माझ्या खिशातून दमडी जात नाही. तेव्हा कुठे ती डॉक्टरकडे यायला तयार झाली. काउंटरवर मी निळं कार्ड पुढे केलं आणि ते चाललं. हृदयाची सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि खातं जवळजवळ रिकामं झालं. आई मात्र खूश. मावशीला फोनवर सांगत होती, "हिच्या ऑफिसात माणसाची किंमत आहे हो."

"घाबरू नकोस," काका म्हणाले. "चुकून काढले असं लिहून द्यायचं आणि एप्रिलच्या मुदतीआधी पैसे परत भरायचे. बँकेने ते घेतले तर टॅक्सही नाही, दंडही नाही."

मी तिथूनच बँकेला फोन लावला. बँक घ्यायला तयार होती. फॉर्म भरा आणि डॉक्टरांचं बिल जोडा म्हणाली. काकांच्या सुनेने फॉर्म प्रिंट करून दिला. त्यात चुकीचं कारण लिहायला दोन ओळी होत्या. मी इंग्रजीत लिहिलं, माझी आई माझी फॅमिली आहे असं मला वाटलं.

काकांनी वाचलं. "फॅमिली नको लिहूस. आई डिपेंडंट आहे असा माझा गैरसमज झाला, असं लिही."

इथे येऊन तिने माझ्याकडून घेतलं ते एवढंच, आणि ते चूक होती असं माझ्याच अक्षरात लिहून द्यायचं होतं. मी म्हटलं, "काका, राहू दे. दंड भरते मी."

"ग्रीन कार्डाचं चाललंय ना तुमचं? मग पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? लिही."

नवराही हेच म्हणाला असता. मी पहिली ओळ खोडली आणि गैरसमज लिहिला. काकूंनी पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि त्या आत गेल्या.

काका बिल तपासत होते. त्यांचं बोट तळाशी थांबलं. "ही चार आठवड्यांनंतरची तारीख कसली? पुन्हा बोलावलं होतं? त्याचेही पैसे यातूनच गेले का?"

निळ्या कार्डावर तेवढे पैसे उरले नव्हते. बँकेत दुसरे होते, पण ते घराच्या डाउन पेमेंटसाठी राखलेले. मी आईला म्हटलं, आता नाशिकलाच दाखवू, तिथले डॉक्टर तुला ओळखतात. ती लगेच हो म्हणाली. नाशिकला गेल्यावर तिने कुणालाच दाखवलं नाही, आणि मीही फोनवर पाठपुरावा केला नाही.

"नाही काका," मी म्हटलं. "ती अपॉइंटमेंट मी कॅन्सल केली."

"बरं झालं," काका कागदावर आकडा लिहीत म्हणाले. "तेवढे तरी परत भरायला नकोत."

मी सही केली.