सुजाताच्या डाव्या हातातलं

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म घेतला तेव्हाच घरातले अंगारे-धुपारे गेले. माझी सुजाता फिट येऊन उभीची आडवी व्हायची, तेव्हा वारणानगरच्या कॉलनीतल्या बाया म्हणायच्या, "बाहेरचं हाय, देवरुष्याकडं न्या की." मी तिला कोल्हापूरला, राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडं नेलं. साल दोन हजारच्या आसपासचं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायला लाजते... म्हणून वहीत लिहितेय.

डॉक्टरांनी कागदावर मेंदूचे दोन भाग काढले, मधे त्यांना जोडणारा पट्टा. म्हणाले, "आधी पट्ट्याचा पुढचाच भाग कापायचा. पडणं थांबलं नाही, तर मग उरलेला."

पहिल्या ऑपरेशननंतर, डोळे मिटायला लावून डाव्या हातात चमचा दिला तर ती "चमचा" म्हणायची. पण पडणं थांबेना. शाळेच्या पायरीवर दोन दात गेले. दुसऱ्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायला मालकांचा, तिच्या बापाचा, हात उठेना... सही मी केली.

पडणं थांबलं. पण आता डाव्या हातात चमचा दिला, की म्हणायची, "काय न्हाय." बोटं मात्र चमचा चाचपत असायची. डॉक्टर म्हणाले, पूर्ण कापल्यावर असं होतं. हाताला कळतं, ते बोलणाऱ्या भागाला कळत नाही.

"आई, डावा माझं ऐकत न्हाय बघ. तूच रागव त्याला," सुजाता हसायची.

"कशाला रागवू? त्यो बी माझाच हाय."

पण मनात यायचं — माझ्या सहीनं तुटलेल्या त्या अर्ध्या सुजाताला, मी तिची आई आहे हे ठाऊक असेल का?

एका दुपारी तांदूळ निवडताना माझ्या डाव्या तळव्यात काहीतरी आलं... थंड, गुळगुळीत, चपटं. चिंचोका! तळवा पाहिला, रिकामा. बाहेरच्या खोलीत सुजाता डोळे मिटून, पिशवीत डावा हात घालून वस्तू ओळखायचा, डॉक्टरांनी सांगितलेला सराव करत होती.

"काय घावलं गं?"

"काय न्हाय."

तिची डावी मूठ उघडली. चिंचोका.

मग कधी बटण, कधी किल्ली. कुणाला बोलले नाही. एकदा मात्र, न बोलता, तिच्या डाव्या हातात माझा उजवा हात दिला. तिचे डोळे मिटलेलेच.

"काय न्हाय बघ आजबी," ती म्हणाली.

आणि माझ्या रिकाम्या डाव्या तळव्यात एक हात आला. खरबरीत, भेगाळलेला, ऊबदार. माझाच हात... तिला लागतो तसा. तिचा अंगठा माझ्या भाजल्याच्या खुणेवरून हळूहळू फिरत होता, लहानपणी झोपताना फिरायचा तसा.

हे माझ्यापर्यंत कुठून आलं, मला अजून उमगलेलं नाही. डॉक्टरांना विचारायला जीभ उचलत नाही.

आत गॅसवर दूध उतू चाललं होतं, वास येत होता. मी हात काढून घेतला नाही.