गाठी नसलेला घेवडा

गाठीकाकांना हे नाव शेतकऱ्यांनीच दिलं होतं. भेटेल त्याला घेवड्याचं रोप उपटायला लावायचं, मुळावरची गाठ नखाने फोडायची आणि आतला गुलाबी रंग दाखवायचा, हा त्यांचा नाद. "इथे माझे मजूर राहतात," ते म्हणत. "हवेतलं नत्र पकडून रोपाला भरवतात. जेवणाची सुट्टीसुद्धा मागत नाहीत."

हे मजूर म्हणजे जिवाणू. दुकानामागच्या खोलीत काका त्यांना काचेच्या चंबूत वाढवत, कोळशाच्या निर्जंतुक भुकटीत मिसळत आणि पेरणीआधी बियाण्याला चोळायची पाकिटं भरत. पुढचं दुकान धाकटा भाऊ बघे. वडील गेल्यावर काकांनीच त्याला वाढवलं होतं. "दादा जिवाणूंशी बोलतो, मी गिऱ्हाइकांशी," असं तो गमतीने सांगे. पाकिटावर नाव मात्र काकांचं.

एका सकाळी शेती करणाऱ्या एक ओळखीच्या बाई आल्या आणि त्यांनी पिशवीतली रोपं टेबलावर ओतली. पानं पिवळी, खोडं काडीसारखी.

"काका, तुमचे मजूर संपावर गेले वाटतं."

काकांनी मुळं धुऊन बघितली. एकही गाठ नव्हती. त्या जमिनीत पूर्वी कधी घेवडा घेतला नव्हता, म्हणजे मातीत हे जिवाणू आधीपासून नसणार, सगळी मदार पाकिटावर.

"बियाण्याला आधी बुरशीनाशक लावलंत?"

"नाही."

"उन्हात वाळवलंत?"

"सावलीतच. तुम्ही सांगितलं तसंच. मी काय आज शेती करते?" बाईंनी रिकामं पाकीट पुढे केलं.

काकांनी त्यावरची तारीख वाचली. पुन्हा वाचली. त्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. चंबू रिकामे होते आणि खोलीची किल्ली भावाकडे होती.

ते पुढे दुकानात गेले. भावाने पाकीट बघितलं आणि नजर चुकवली नाही, हेच काकांना जास्त लागलं.

"पेरणी तोंडावर, गिऱ्हाइकं दारात. परत पाठवली असती तर पुन्हा आली असती का? कोळसा तोच, पाकीट तेच. आत जीव आहे की नाही, हे कुणाला दिसतं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू भरू दिलं नसतंस, दादा."

त्या दिवसांत हाच भाऊ सकाळ-संध्याकाळ हलक्या हाताने त्यांच्या डोळ्यांत औषध घालत होता. आणि मधल्या वेळात पलीकडच्या खोलीत त्यांच्या नावाने नुसता कोळसा भरत होता.

काका परत आले. "पाकिटात जिवाणू नव्हतेच. भावाने भरलं. मला ठाऊक नव्हतं."

"नाव तुमचं, खोली तुमची," बाई म्हणाल्या, "आणि ठाऊक नव्हतं?"

तीस वर्षांत त्यांच्या शब्दावर असा संशय कुणी घेतला नव्हता.

"आजच थोडा युरिया द्या. सगळं नाही, पण काही पीक सावरेल."

बाईंनी रोपं गोळा केली. "आमच्याकडे आणखी चौघांनी हेच पाकीट वापरलंय. त्यांना तुम्ही सांगणार की मी?"

"मीच येतो."

काका चपला घालू लागले. "दादा, उन्हात कुठे निघालास? जेवून तरी जा," भाऊ नेहमीच्या मायेने म्हणाला. काकांनी त्याच्यापुढे हात पसरला आणि खोलीची किल्ली हातावर पडेपर्यंत तो तसाच ठेवला.